दफनाची नोंद शोधायची तर कोल्हापूरकरांनी पैसे कुठं घालावेत, कुठं नकोत

निकाल आधीच सांगून टाकू, कारण या कामात लोकांचे पहिले पैसे हमखास चुकीच्या जागी जातात. पणजोबा, मिशन शाळेतले एखादे मास्तर, पलटणीतून परत न आलेला चुलत आजोबा, कुणाचंही दफन शोधायचं म्हटलं की हात मोबाइलकडं जातो आणि थोड्याच वेळात एखादी परदेशी वंशावळीची साइट पौंडात नाहीतर डॉलरमध्ये वर्गणी मागू लागते. कोल्हापूर जिल्ह्यातल्या बहुतेक घरांना त्या वर्गणीचा काडीचा उपयोग नाही. त्यांच्या कामाचा कागद तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये रुमालात बांधून ठेवलेला आहे, बऱ्याचदा मोडी लिपीत आहे आणि त्याच्या नकलेचं शुल्क किरकोळ आहे. खर्च करायचाच तर मोडी वाचणाऱ्यावर करा.

अपवाद तीन. पूर्वज युरोपियन किंवा अँग्लिकन चर्चचे असतील, अमेरिकन मिशनशी संबंध असेल, किंवा माणूस महायुद्धात गेला असेल, तर परदेशी सेवा उत्तम आहेत. त्यातली सगळ्यात चांगली तर फुकट आहे.

आता सेवांकडं वळण्याआधी एक भेद. मृत्यूची नोंद वेगळी, दफनाची नोंद वेगळी आणि दफनभूमीच्या जागेची नोंद वेगळी. तिन्ही वेगवेगळ्या दारांत मिळतात आणि एकीवरून दुसरी आपोआप निघत नाही. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम १९६९ चा, महाराष्ट्रात लागू झाला १ एप्रिल १९७० पासून. त्याच्या कलम १० प्रमाणे स्मशान किंवा कब्रस्तान सांभाळणाऱ्यानंही मृत्यूची खबर द्यायची असते. पण मृत्यूचा अहवाल ज्या फॉर्म २ वर भरतात त्यात पत्ता, धर्म, व्यवसाय, आजार, अगदी तंबाखू-सुपारीची सवयसुद्धा विचारलेली आहे. माती कुठं दिली हे मात्र विचारलेलं नाही. त्यामुळं मृत्यूचा दाखला हातात आला म्हणून कबर सापडेल, असं समजू नका. दाखल्यातून तारीख घ्यायची आणि ती तारीख घेऊन कब्रस्तानाच्या किंवा चर्चच्या वहीकडं जायचं. उलट दिशेनं गेलात तर शेकडो कबरींमधून फिरत बसाल.

गाव नमुना १४: पाचपैकी साडेचार

लोक याला ‘कोतवाल बुक’ म्हणतात. गावातल्या जन्म-मृत्यूंची ही वही. गावकामगार ती भरायचे आणि जुन्या वह्या तहसीलला जमा व्हायच्या. जिथं टिकल्या आहेत तिथं त्या एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत मागं नेतात. मृत्यूच्या नोंदीत साधारणपणे तारीख, मयताचं नाव, बापाचं किंवा नवऱ्याचं नाव, जात, वय आणि मरणाचं कारण मिळतं. मुसलमान, लिंगायत, गोसावी, ख्रिस्ती असा भेद या वहीला नाही, गावात मेलेला प्रत्येक जण एकाच वहीत. म्हणून ज्या समाजांत दफन करतात पण वेगळं रजिस्टर ठेवायची रीत नव्हती, त्यांच्यासाठी हा सगळ्यात भरवशाचा कागद आहे. लिंगायतांचं पाहा. जंगमाच्या हातून विधी झाला, बसत्या स्थितीत समाधी दिली, वर माती ओढली, काम संपलं. पैसेवाल्याच्या समाधीवर पुढं दगडी लिंग-नंदी बसला, बाकीच्यांचं काहीच उरलं नाही. त्यांची नोंद मिळाली तर इथंच मिळते.

अर्ज तहसीलदारांच्या नावे करायचा. त्यात गावाचं नाव, तालुका, मयताचं नाव, बापाचं नाव, सालाचा पल्ला आणि नक्कल कशासाठी हवी ते लिहायचं. कोर्ट फी स्टँप लावायचा. ओळखपत्राची झेरॉक्स जोडायची. एका अर्जात पाच वर्षांपेक्षा मोठा पल्ला मागू नका. ‘१९०० ते १९५० बघा’ असा अर्ज आला की तो गठ्ठ्याच्या तळाशी जातो, आणि खरं सांगायचं तर कारकुनाच्या जागी कुणीही तेच करेल.

पल्ला कमी कसा करायचा, यात निम्मं यश आहे. घरात जमीन असेल तर आधी वारसाचा फेरफार काढा, म्हणजे गाव नमुना ६ मधली नोंद. ‘खातेदार अमुक बिन तमुक हे अमुक तारखेस मयत’ अशी ओळ त्यात बऱ्याचदा असते. वारसा प्रकरणांची वही, नमुना ६-क, तीही विचारा. वारस लावायला घरच्यांनी दोन-तीन पावसाळे घालवलेले असू शकतात, म्हणून फेरफाराच्या सालापासून पुढं नाही, मागं शोधायचं.

जमीन नसेल तर साथी उपयोगाला येतात. ‘मानमोडीत गेले’ असं घरात सांगत असतील तर ती १९१८ ची इन्फ्लुएन्झाची साथ. त्या सालातल्या सप्टेंबर ते डिसेंबरच्या पानांवर नजर ठेवा. फक्त कारणाच्या रकान्यात ‘मानमोडी’ शोधू नका, तिथं नुसतं ‘ताप’ लिहिलेलं असतं. ‘प्लेगात गेले’ ही आठवण जास्त फसवी. १८९७ नंतर प्लेग पुन्हा पुन्हा फिरून आला, त्यामुळं एकच साल धरून चालत नाही. वडील तेव्हा केवढे होते, गाव सोडून माळावर झोपड्या घातल्या होत्या का, असल्या प्रश्नांनी साल आवळत आणावं लागतं.

नावं वाचताना चार शब्द माहीत हवेत. ‘बिन’ म्हणजे अमक्याचा मुलगा. मुसलमान नावांत त्याच जागी ‘वल्लद’ येतं, पुष्कळदा नुसतं ‘व’ आणि पुढं दोन दांड्या. ‘कोम’ म्हणजे अमक्याची बायको, आणि ‘भ्र.’ म्हणजे भ्रतार, पुढं नवऱ्याचं नाव. आडनाव असेलच असं नाही. बाईची नोंद माहेरच्या नावानं शोधणारे बरेच जण हात हलवत परत येतात. सासरच्या गावात, नवऱ्याच्या नावाखाली बघा. तान्ह्या मुलांना नावच नसतं, ‘मुलगी, वय १ महिना, बाप अमुक’ एवढंच. हिंदू घरांतही लहान मुलांना पुरतात आणि त्या जागी खूण ठेवत नाहीत, तेव्हा त्या मुलाचा जगात होता एवढा एकच पुरावा ही ओळ असते.

अर्धा गुण कापला तो दोन कारणांनी. एक, सगळ्या गावांच्या सगळ्या वह्या टिकलेल्या नाहीत. वाळवी, ओल आणि २०१९ व २०२१ सारखे पूर कागदाला दया दाखवत नाहीत. दोन, तालुक्यांचा इतिहास. चंदगड १९५६ पर्यंत बेळगाव जिल्ह्यात होतं, तेव्हा जुन्या कागदाचा माग तिकडं जाऊ शकतो. कुरुंदवाड हे पटवर्धनांचं वेगळं संस्थान. कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं १ मार्च १९४९ ला, आणि त्याआधी कागल, बावडा, विशाळगड, इचलकरंजी या जहागिऱ्यांचं दप्तर आपापलं होतं. गाव आज कुठल्या तालुक्यात आहे हे पुरेसं नाही, तेव्हा कुणाकडं होतं ते बघून मगच अर्ज टाका.

आणखी एक फुकटची सोय झाली आहे, तिचा या कामासाठी फारसा कुणी वापर करत नाही. न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या निमित्तानं २०२३ पासून कुणबी नोंदींसाठी जुनी दप्तरं उपसली गेली, आणि जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर गावनिहाय स्कॅन चढवले गेले. त्यात नमुना १४ ची पानंही आहेत. उद्देश जातीच्या नोंदीचा होता, म्हणून ज्या पानावर कुणबी शब्द सापडला तेवढंच पान दिसणार. पण एका पानावर एकाच माणसाची नोंद थोडीच असते? त्याच पानावर शेजारच्या घरातला मुल्लाणी, जंगम, गुरव येतो. अर्ज करण्याआधी आपल्या गावाची पानं तिथं चाळून घ्या. निदान आपल्या गावाची वही कुठल्या सालाची टिकली आहे, अक्षर कसं आहे, रकाने किती आहेत, हे तरी कळतं.

मोडी वाचक: पैसे इथं घाला, पण अटी घालून

मोडीत शब्द तोडत नाहीत, ऱ्हस्व-दीर्घ पाळत नाहीत आणि आधी आडवी रेघ ओढून तिला अक्षरं लटकवत जातात. त्यामुळं ‘मला मोडी येते’ आणि ‘मला १९०५ च्या घाईत लिहिलेल्या वहीतली मोडी येते’ यात मोठं अंतर आहे. काम देताना एक पान चाचणी म्हणून द्या, ज्यातलं एखादं नाव तुम्हाला आधीच पक्कं माहीत आहे असं. सारांश घेऊ नका. ओळीला ओळ देवनागरी लिप्यंतर मागा, अनुक्रमांक आणि पान क्रमांकासकट. जे अक्षर शंकास्पद आहे तिथं प्रश्नचिन्ह टाकायला सांगा. एकही प्रश्नचिन्ह न टाकता अख्खं पान वाचून देणारा वाचक असेल तर सावध व्हा.

फोटो तुमच्याकडून नीट गेला पाहिजे. फक्त आपली ओळ काढून पाठवू नका, वरच्या रकान्यांच्या मथळ्यासकट पूर्ण पान हवं. वाचक तेच अक्षर त्याच लेखकानं दुसऱ्या ओळीत कसं काढलं आहे ते बघून ठरवतो. मोबाइल पानाला समांतर धरा, फ्लॅश बंद. सरकारी कामासाठी हवं असेल तर आधी प्रमाणित नक्कल घ्या आणि लिप्यंतर कुणाचं चालेल ते त्याच कार्यालयात विचारा, नाहीतर दोनदा पैसे जातात.

जुन्या सनदा-पत्रांपर्यंत गेलात तर सालांचा गुंता येतो. शकात ७८ मिळवा, फसली या महसुली सनात ५९० आणि मराठी दप्तरांतल्या सुहूर सनात ५९९, म्हणजे इसवी साल मिळतं. वर्ष मध्येच बदलत असल्यानं महिन्याप्रमाणं एकाचा फरक धरा. शके १८२२ आणि फसली १३१० दोन्ही १९००-०१ मध्येच पडतात. तारखेआधी ‘छ’ दिसलं तर ते चंद्राचं, म्हणजे पुढं मुसलमानी महिना येणार.

शहरातली नोंद

कोल्हापूरची नगरपालिका १८५४ ची, महापालिका १९७२ ची. अलीकडच्या मृत्यूंसाठी प्रश्नच नाही, जन्म-मृत्यू विभागात किंवा ऑनलाइन दाखला मिळतो. जुन्यासाठी शोध शुल्क वर्षागणिक लागतं, म्हणून पुन्हा तेच, पल्ला आवळून जा.

इथं सगळ्यात जास्त घोळ होतो तो ठिकाणाचा. नोंद मृत्यू जिथं झाला तिथं होते. माती कुठं दिली याच्याशी तिचा संबंध नाही. राधानगरीचा माणूस सीपीआर रुग्णालयात वारला तर त्याची नोंद कोल्हापूर शहरात, कबर गावात. मिरजेच्या मिशन हॉस्पिटलात गेला तर नोंद मिरजेत, आणि जिल्हासुद्धा दुसरा. हा नियम छत्रपतींनाही सुटला नाही. दुसरे राजाराम महाराज युरोपहून परतताना ३० नोव्हेंबर १८७० ला इटलीतल्या फ्लोरेन्समध्ये वारले, अर्नो नदीच्या काठी त्यांचं दहन झालं आणि १८७४ साली तिथं छत्री उभी राहिली. त्यांच्या अंत्यविधीचा कागद शोधणारा पंचगंगा घाटावर कितीही फिरला तरी काय उपयोग?

तारीख अंदाजे माहीत असेल तर वर्तमानपत्रांतल्या निधनवार्ता हा स्वस्त आणि चांगला मार्ग आहे. कोल्हापूरच्या निधनवार्तेत पुढच्या विधीची वेळ आणि जागा हटकून असते: हिंदूंसाठी रक्षाविसर्जन, मुसलमानांसाठी जियारत, ख्रिस्ती असेल तर दफनविधी. फॉर्म २ मध्ये जे मिळत नाही ते ठिकाण या तीन ओळींत मिळून जातं. जुन्या अंकांच्या फाइलींसाठी करवीर नगर वाचन मंदिरात आणि शिवाजी विद्यापीठाच्या ग्रंथालयात चौकशी करा. पहिलं १८५० पासूनचं आहे.

कब्रस्तान आणि चर्चच्या वह्या

कब्रस्तानाचं रजिस्टर असतं ट्रस्टकडं किंवा जमातीकडं. त्यात तारीख, नाव, वय, आणणाऱ्याचं नाव असा मजकूर असतो, पण कबरीचा क्रमांक फार क्वचित. कारण साधं आहे. कबरी पक्क्या बांधू नयेत असा दंडक बऱ्याच ठिकाणी पाळतात आणि काही वर्षांनी तीच जागा पुन्हा वापरतात. बागल चौकासारख्या भरवस्तीतल्या कब्रस्तानात दुसरा इलाजही नाही. तेव्हा ‘कुठल्या रांगेत’ हा प्रश्न घेऊन जाऊ नका, ‘त्या तारखेला नोंद आहे का’ एवढाच घेऊन जा. मुतवल्लींना, म्हणजे कब्रस्तानाच्या कारभाऱ्यांना, आधी निरोप द्या आणि शुक्रवारची दुपार टाळा.

दगडावर हिजरी साल असेल तर त्याला ०.९७ नं गुणून ६२२ मिळवा. हिजरी १३४० चं उत्तर १९२१.८ येतं, आणि ते वर्ष खरोखरच सप्टेंबर १९२१ ला सुरू झालं. तारीख एका दिवसानं जुळत नसेल तर घाबरू नका. इस्लामी दिवस सूर्यास्तापासून सुरू होतो, संध्याकाळनंतर गेलेल्या माणसाची हिजरी तारीख पुढची पडते.

चर्चचं दफन रजिस्टर हा या सगळ्यातला सगळ्यात भरलेला कागद. मृत्यूची तारीख, दफनाची तारीख, वय, व्यवसाय, विधी करणाऱ्याची सही, कधी कधी कारणही. पण आधी मंडळी, म्हणजे माणूस कुठल्या चर्चचा होता ते, ठरवा. कोल्हापुरात रॉयल वाइल्डर १८५२ साली आले, ते अमेरिकन. त्यांचं काम १८७० मध्ये प्रेस्बिटेरियन बोर्डाकडं गेलं, आणि पुढं १९७० साली चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं. रोमन कॅथलिकांचं रजिस्टर निराळं, जुनं असेल तर मथळे लॅटिनमध्ये. रेसिडेन्सीतले इंग्रज अधिकारी अँग्लिकन. एका मंडळीच्या पाळकांना दुसऱ्या मंडळीचं दफन विचारलं तर ते प्रामाणिकपणे ‘नोंद नाही’ म्हणतील आणि तुम्ही शोध तिथंच सोडून द्याल.

वह्या खासगी संस्थेच्या आहेत, दाखवणं ही त्यांची मेहरबानी. लेखी विनंती, नातं काय ते स्पष्ट, आणि पान उलटायचं काम त्यांनाच करू द्या.

परदेशी सेवा

सगळ्यात वर कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशन. फुकट आहे, खातं उघडायची गरज नाही, आणि कोल्हापूरकरांसाठी हिच्याइतकी उपयोगी परदेशी साइट दुसरी नाही. पहिल्या युद्धासाठी ४ ऑगस्ट १९१४ ते ३१ ऑगस्ट १९२१ आणि दुसऱ्यासाठी ३ सप्टेंबर १९३९ ते ३१ डिसेंबर १९४७ या काळात सेवेत गेलेल्यांची नोंद तिथं आहे. खुबी अशी की नावानं शोधू नका. मराठी नावांची इंग्रजी स्पेलिंगं पलटणीच्या कारकुनानं कानाला ऐकू येतील तशी केलेली आहेत. त्याऐवजी ‘जादा माहिती’च्या रकान्यात कोल्हापूर घाला, मग कागल, पन्हाळा, करवीर अशी तालुक्यांची नावं घाला, अनेक नोंदींत बापाचं नाव आणि गाव तिथं लिहिलेलं आहे. मग रेजिमेंटनं चाळा, मराठा पलटणी आधी. कबर मिळेलच असं नाही. दहन झालेल्यांची आणि न सापडलेल्यांची नावं बसरा, नव शापेल, खडकी अशा स्मारकांवर किंवा तिथल्या नामावलीत आहेत, आणि नोंदीत स्मारकाचं नाव येतं. पाचपैकी पाच.

युरोपियन पूर्वजांसाठी ब्रिटिश लायब्ररीतल्या इंडिया ऑफिसच्या धार्मिक नोंदी. मुंबई इलाख्याची मालिका एन/३, बाप्तिस्मा, लग्न, दफन, १९४८ पर्यंत. त्यांच्यापर्यंत जायचे तीन रस्ते. फॅमिलीसर्चवर फुकट खातं उघडून १७१९ ते १९४८ ची ‘भारतातील मृत्यू व दफन’ ही सूची चाळता येते. फिबिस ही १९९८ पासूनची ब्रिटिश भारतातल्या कुटुंबांच्या अभ्यासकांची संस्था. तिचा शोध सगळ्यांना खुला आहे आणि संदर्भ क्रमांक व्यवस्थित देतात. तिसरा फाइंडमायपास्ट, मूळ पानाची प्रतिमा दाखवतो, पण वर्गणीवर. क्रम हाच ठेवा: फुकट सूचीत नाव आणि साल पक्कं झाल्याशिवाय वर्गणी भरू नका, आणि भरलीत तर एक महिन्याची भरून सगळी पानं एकदम उतरवून घ्या. कोल्हापूर हे संस्थान असल्यानं इथलं दफन बेळगाव किंवा साताऱ्याच्या पाद्र्याच्या यादीत असू शकतं. शोधात ठिकाण रिकामं सोडा आणि जुनं ‘पोअर’वालं स्पेलिंगही (Kolapore) घालून बघा. अमेरिकन मिशनरी या मालिकेत सहसा नाहीत. त्यांच्यासाठी अमेरिकन वकिलातींचे मृत्यू अहवाल आणि फिलाडेल्फियातली प्रेस्बिटेरियन हिस्टॉरिकल सोसायटी.

बॅक्सा ही १९७६ सालची ब्रिटिश संस्था दक्षिण आशियातल्या युरोपियन दफनभूमींचे कागद आणि शिलालेख जमवते. दगड पडून गेला असेल तर पूर्वी कुणी उतरवून ठेवलेला मजकूर तिथं मिळायची शक्यता असते.

कोल्हापूरजवळच्या वळिवडे छावणीत १९४३ ते १९४८ दरम्यान सुमारे ५,००० पोलिश निर्वासित राहिले आणि त्यांच्यातल्या काहींच्या कबरी कोल्हापूरच्या ख्रिस्ती दफनभूमीत आहेत. नावं पोलिश भाषेतली आहेत, रोमन लिपीत. ज्या ‘एल’वर तिरकी रेघ असते त्याचा उच्चार ‘व’सारखा, पण साइटवर लोकांनी तो साधा ‘एल’ म्हणून टाकलेला असतो. शोधताना तोच घाला.

फाइंड अ ग्रेव्ह आणि बिलियनग्रेव्हज या स्वयंसेवकांनी भरायच्या साइट. अमेरिकेत अफाट, इथं तुरळक. कुणी फोटो चढवला असेल तर आहे, नाहीतर नाही. देवनागरीत टाकलेलं नाव इंग्रजी शोधात येत नाही, उर्दूचं तेच. दोघींत आम्ही बिलियनग्रेव्हजला किंचित पुढं ठेवू, कारण तिचं ॲप फोटोबरोबर कबरीची जागा नोंदवतं आणि दगडांना क्रमांक नसलेल्या दफनभूमीत तेच हवं असतं. शोधायला पाचपैकी दीड, स्वतःची नोंद जपून ठेवायला साडेतीन.

दगड वाचताना

पावसाळ्यात जाऊ नका. ऑक्टोबरपर्यंत गवत कमरेएवढं असतं आणि त्यात काय असेल सांगता येत नाही. डिसेंबरपासून पुढं, सकाळी सूर्य खाली असताना जा. तिरक्या उजेडात अक्षरांच्या कडांना सावली पडते आणि डोक्यावरच्या उन्हात कोरा वाटणारा दगड वाचता येतो. दगड सावलीत असेल तर हातभर आरसा घेऊन ऊन बाजूनं टाका.

जुन्या संगमरवरी पाट्यांवर अक्षरं कोरून त्यात शिसं ठोकलेलं असे. शिसं पकडून राहावं म्हणून प्रत्येक अक्षराच्या खोबणीत बारीक भोकं पाडत. शिसं गळून पडलं, खोबण झिजली, तरी ती भोकं राहतात. इंग्रजी तीन की आठ असा घोळ पडला तर डाव्या बाजूला भोकं आहेत का ते बोटानं चाचपा. असतील तर आठ. हे फोटोत दिसत नाही, तिथं जाऊनच कळतं.

काळ्या दगडावर शेवाळ आणि दगडफूल बसतं. साधं पाणी, मऊ ब्रश, एवढंच. ॲसिड, संडास साफ करायचं लिक्विड, लिंबू, तारेचा ब्रश यातलं काहीही नको. संगमरवर आम्लानं विरघळतो आणि अक्षर कायमचं जातं. खडू फासून फोटो काढायची सवयही वाईट. कब्रस्तानातल्या आणि लिंगायत समाध्यांवर दरवर्षी चुना किंवा रंग मारून अक्षरं भरून गेलेली असतात. ते खरवडणं म्हणजे दुसऱ्याच्या देवाला हात लावणं आहे, नातेवाइकांना विचारल्याशिवाय नाही. दगड घट्ट असेल तर बटर पेपर ठेवून मेणखडूनं ठसा घ्या. पापुद्रे सुटत असतील तर तेही नको. गडहिंग्लज भागात मजकूर कन्नड निघू शकतो.

आणि वीरगळ, सतीशिळा म्हणजे कबर नव्हे. करवीर तालुक्यात बीडसारख्या गावांत त्या दिसतात, फोटो टाकून ‘प्राचीन दफनभूमी’ म्हणून फिरवतातही. ती स्मारकं आहेत, खाली कुणी पुरलेलं नाही.

पुराभिलेखागार

कोल्हापूरचं पुराभिलेखागार एका माणसाची नोंद शोधायची जागा नाही, आणि तिथं जाऊन ‘आजोबांचं बघा’ म्हणणं व्यर्थ आहे. मात्र दफनभूमीचा इतिहास लिहायचा असेल तर संस्थानी दप्तरासारखं दुसरं काही नाही: जागा कुणी दिली, इनाम होती का, वस्ती वाढल्यावर हलवायचा हुकूम कधी झाला. जाण्याआधी जागेचा गट क्रमांक किंवा सिटी सर्व्हे क्रमांक आणि मिळकत पत्रिका हातात ठेवा, फेरफारांच्या नोंदींतून साल आणि हुकमाचा क्रमांक मिळाला की तिथला शोध सोपा होतो. वक्फ मिळकत असेल तर तिची वेगळी नोंद राज्य वक्फ मंडळाकडं. कोणत्या समाजात तेव्हा पुरत आणि कोणत्या समाजात जाळत याचा अंदाज १८८६ च्या कोल्हापूर गॅझेटिअरमधून येतो. जातवार वर्णन आहे, आंतरजालावर फुकट आहे, फक्त साहेबाच्या नजरेचं आहे हे लक्षात ठेवून वाचा.

सगळं करून नोंद नाहीच मिळाली तर नुसतं तोंडी ‘नाही’ ऐकून उठू नका. १९७० नंतरच्या मृत्यूसाठी निबंधकाकडून फॉर्म १० वर नोंद उपलब्ध नसल्याचं प्रमाणपत्र मागा. त्यात शोधलेली वर्षं लिहिलेली आहेत की नाही ते तिथंच बघा. एक वर्षापेक्षा जुन्या मृत्यूची उशिरा नोंद करायला कलम १३ खाली आदेश लागतो, २०२३ च्या दुरुस्तीनंतर तो जिल्हादंडाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी किंवा त्यांनी अधिकार दिलेले कार्यकारी दंडाधिकारी देतात, आणि त्या अर्जासोबत हेच प्रमाणपत्र पहिलं मागतात. चर्चच्या किंवा कब्रस्तानाच्या वहीतला उतारा, सही-शिक्क्यासह, तिथं पुरावा म्हणून जोडा.